योक्काइचीचे बंदर आणि नदीपलीकडचे इसोझु

जपानला निघालेल्या माणसाला योक्काइचीला जा, असे सहसा कोणी सांगत नाही. नागोयाहून किंतेत्सु रेल्वेने सुमारे अर्ध्या तासाच्या अंतरावर, इसे उपसागराच्या पश्चिम काठावर वसलेले हे शहर तेलशुद्धीकरणाचे, रसायनांचे आणि मालवाहतुकीचे आहे, आणि येथे उतरणारे बहुतेक जण कामासाठीच उतरतात. मी मात्र मुद्दाम, केवळ बंदर पाहण्यासाठी गेले. चेंबूरला वाढल्यामुळे खाडी, तेलाच्या टाक्या आणि चिमणीच्या टोकाला रात्रंदिवस जळणारी ज्योत एकाच दृश्यात पाहण्याची माझ्या डोळ्यांना लहानपणापासून सवय आहे. हेच दृश्य जगात इतरत्र जिथे उभे राहिले तिथे त्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे समजून घ्यावे असे कित्येक वर्षे मनात होते. योक्काइचीने या प्रश्नाचे उत्तर जितक्या सविस्तरपणे नोंदवून ठेवले आहे, तितके फार थोड्या बंदरांनी ठेवले असेल.

बंदराची पहिली ओळख उंचावरून करून घेणे सोपे जाते. उत्तरेकडच्या कासुमिगाउरा भागात बंदर प्रशासनाची १०० मीटर उंचीची इमारत आहे आणि तिच्या १४व्या मजल्यावरचे दालन सर्वांना पाहण्यासाठी खुले असते. मी गेले तो जानेवारी महिना होता. पश्चिमेला सुझुका पर्वतरांगेवर बर्फ होते, पूर्वेला उपसागरापलीकडे चिता द्वीपकल्पाची निळसर रेघ दिसत होती आणि या दोहोंच्या मधल्या सपाट पट्टीत बंदर पसरले होते. पायाशी कंटेनरचा धक्का होता. क्रेनचा आकडा खाली येई, कंटेनर उचलून जहाजावर नेई आणि मोकळा होऊन परत फिरे. या कामात इतका सारखेपणा होता की, पाहणाऱ्याला थोड्या वेळाने त्यामागचा माणूस दिसेनासा होतो. दक्षिणेकडे चिमण्या, टाक्या आणि नळ्यांचे जंगल क्षितिजापर्यंत गेले होते. डोंगरावरून समुद्राकडे वारा वाहत होता आणि चिमण्यांतून निघणारी वाफ एकाच दिशेला, आग्नेयेकडे, कलली होती. हिवाळ्यात सुझुकावरून उतरणाऱ्या या वायव्य वाऱ्याला इथे स्वतंत्र नाव आहे. त्या वाफेची दिशा त्या वेळी मी केवळ पाहिली. तिचा अर्थ पुढे कळला.

उंचावरून सर्वांत जास्त लक्ष वेधतात त्या नळ्या. आखाती देशांतून येणारी मोठी तेलवाहू जहाजे किनाऱ्यापर्यंत येऊ शकत नाहीत. ती खोल पाण्यातल्या धक्क्याला लागतात आणि कच्चे तेल समुद्रतळावरच्या नळीतून टाक्यांत जाते. शुद्धीकरण कारखान्यात त्यातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल आणि जड इंधन तेल वेगळे होते, आणि नाफ्था नावाचा जो हलका भाग निघतो तो नळीनेच शेजारच्या कारखान्याला मिळतो. तिथे ८०० अंशांच्या वर तापवून त्याचे रेणू तोडले जातात आणि इथिलीन, प्रॉपिलीन असे वायू तयार होतात. ते पुन्हा नळीने पुढच्या कारखान्यात जातात, आणि त्यांचे कुठे प्लास्टिक, कुठे कृत्रिम रबर, कुठे रंगाचा कच्चा माल होतो. एकाची वाफ दुसरा वापरतो, एकाचे उरलेले दुसऱ्याच्या कामी येते. नकाशावर हे वेगवेगळ्या मालकांचे कारखाने असले तरी प्रत्यक्षात ते एकाच शरीराचे अवयव आहेत. अशा संकुलाला जपानी लोक रशियनमधून आलेला शब्द वापरून ‘कोंबिनातो’ म्हणतात. अभियांत्रिकीचे माझे ज्ञान बेताचेच असले, तरी या जोडणीतली हुशारी पाहून मला मनापासून आदर वाटला. जागा कमी, कच्चा माल सारा परदेशातून येणारा, तेव्हा उष्णतेचा आणि मालाचा कणही वाया जाऊ नये या गरजेतून ही रचना झाली आहे.

बंदर मुळात तेलाचे नव्हते. १८५४च्या मोठ्या भूकंपात जुने बंदर खचले, गाळाने भरले आणि जहाजांना आत येणे अवघड झाले. इनाबा सानएमोन नावाच्या जहाजवाहतुकीच्या व्यापाऱ्याने १८७३ साली ते सुधारण्याचे काम हाती घेतले. पैसे कमी पडले, सरकारशी वाद झाले, मधली काही वर्षे काम थांबले, तरी स्वतःची मालमत्ता घालून त्याने ते १८८४ साली पूर्ण केले. पुढे वादळांनी मोडलेला त्याचा लाटारोधक बंधारा १८९० च्या दशकात नव्याने बांधला गेला, तो आजही जुन्या बंदरात उभा आहे आणि राष्ट्रीय वारसा म्हणून जपला जातो. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. बाहेरच्या अंगाला बुटकी भिंत, आतल्या अंगाला उंच भिंत, दोन्हींच्या मध्ये पाण्याला जागा आणि आतल्या भिंतीला ओळीने भोके. उसळलेली लाट बुटक्या भिंतीवरून मधल्या जागेत पडते, तिचा जोर तिथेच मोडतो आणि उरलेले पाणी भोकांतून शांतपणे बंदरात उतरते. लाटेला अडवण्यापेक्षा तिला दमवण्याचा हा विचार मला फार आवडला. २०१८ साली बंदरावरून जाणारा नवा उंच मार्ग खुला झाला, त्यालाही इनाबाचेच नाव देण्यात आले आहे.

याच काळात मुंबईचा या किनाऱ्याशी संबंध आला, आणि तो केवळ योगायोगाचा नव्हता. १८८६ साली योक्काइचीत मिए बोसेकी ही सूतगिरणी स्थापन झाली. तिच्यामागे शिबुसावा एइइची या उद्योजकाचे पाठबळ होते. २०२४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे तेच हे शिबुसावा. जपानी गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता आणि तो मुंबईत होता, परंतु मुंबई ते जपान ही वाहतूक ब्रिटिश जहाज कंपनीच्या नेतृत्वाखालील संघाच्या हातात होती आणि भाडे तोच ठरवी. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला आले, शिबुसावांना भेटले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘हिरोशिमा मारू’ हे निप्पोन युसेन कंपनीचे जहाज कोबेहून मुंबईकडे निघाले. प्रतिस्पर्ध्यांनी भाडी पाडून हा मार्ग मोडण्याचा प्रयत्न केला, पण जपानी गिरणीमालक एकजुटीने नव्या मार्गामागे उभे राहिले आणि तो टिकला. जपानचा हा पहिला दूरपल्ल्याचा नियमित सागरी मार्ग. १९१४ साली मिए बोसेकी आणि ओसाकाची गिरणी एकत्र होऊन आजची तोयोबो कंपनी झाली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाने मुंबई बंदर मोठे झाले, हे आपण शाळेत शिकतो. त्या मुंबईच्या कापसाच्या दुसऱ्या टोकाला जपानचा हा किनारा होता, हे मात्र मला इथे येईपर्यंत जाणवले नव्हते.

जुन्या बंदराच्या बाजूला चितोसे कालव्यावर सुएहिरो हा १९३१ सालचा रेल्वेपूल आहे. त्याचा मधला तुळईचा भाग एका बाजूने वर उचलला जातो, म्हणजे होड्यांना वाट मिळते. जपानमध्ये अजून वापरात असलेला या प्रकारचा हा एकच रेल्वेपूल आहे. डोंगराच्या पायथ्याच्या फुजिवारा येथील कारखान्यातून सिमेंटने भरलेल्या टाक्यांची मालगाडी येते, पूल खाली उतरतो, गाडी सावकाश पलीकडच्या सिमेंटच्या साठवण कोठारांकडे जाते आणि रिकाम्या टाक्या परत निघाल्या की पूल पुन्हा वर जातो. राष्ट्रीय वारसा ठरलेली वास्तू रोजच्या कामात आहे, गंजू नये म्हणून रंगवली जाते, तिच्यावर ग्रीसचे डाग आहेत, हे पाहून समाधान वाटले. कालव्याच्या कडेला माझ्यासारखेच काही जण गाडीची वाट पाहत उभे होते. पूल खाली येताना कोणी बोलले नाही, सगळे फक्त पाहत होते.

तेलाचा इतिहास नौदलापासून सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, योक्काइचीत जपानी नौदलाचा मोठा इंधन कारखाना सुरू झाला. १९४५च्या जूनमधल्या हवाई हल्ल्यांत तो आणि शहर दोन्ही भाजून निघाले. युद्धानंतर ती विस्तीर्ण जागा पडून होती. १९५५ साली ती शेल समूहाशी संबंधित जपानी तेल कंपनीला देण्याचे सरकारने ठरवले. मुंबईत माहुलला बर्मा-शेलचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला तेही वर्ष १९५५च. १९५९ पासून शिओहामा भागातले संकुल पूर्ण शक्तीने चालू लागले. शहरात त्याचे स्वागत झाले आणि ते खोटे नव्हते. भुकेची वर्षे काढलेल्या लोकांना काम मिळत होते. शिओहामा प्राथमिक शाळेच्या गीतात बंदराकाठी उभ्या असलेल्या या कारखान्यांना जपानच्या आशेचा प्रकाश म्हटले होते आणि मुले ते रोज गात होती. पुढे त्याच शाळेतल्या मुलांना मास्क लावून वर्गात बसावे लागले, गुळण्या करणे हा शाळेच्या दिनक्रमाचा भाग झाला आणि गीताचे शब्द बदलण्यात आले.

आधी मासळी बिघडली. उपसागरात पकडलेल्या माशांना तेलाचा वास येऊ लागला आणि बाजारात त्यांचा भाव पडला. मग हवा. आखाती कच्च्या तेलात गंधकाचे प्रमाण जास्त असते. ते तेल आणि त्यातून निघणारे जड इंधन जाळले की सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. शिओहामाच्या दक्षिणेला, सुझुका नदीच्या मुखाशी, पलीकडच्या काठावर इसोझु नावाची मच्छीमारांची वस्ती आहे. हिवाळ्यातला वायव्य वारा कारखान्यांवरून येतो आणि नदी ओलांडून थेट इसोझुत उतरतो. १४व्या मजल्यावरून पाहिलेली वाफेची कलती रेघ मला आठवली ती हे वाचताना. वस्तीत श्वासाचे विकार वाढले. रात्री उशाशी बसून पहाटेची वाट पाहायची, ही अनेक घरांतली स्थिती झाली. १९६३ साली मच्छीमारांनी वीजकेंद्राच्या सांडपाण्याचे तोंड बुजवण्याचा प्रयत्न केला. १९६५ साली योक्काइची नगरपालिकेने आजाऱ्यांना प्रदूषणग्रस्त म्हणून मान्यता देऊन त्यांच्या उपचाराचा खर्च उचलण्याची पद्धत स्वतःहून सुरू केली. देशात असे प्रथमच घडत होते. अशी मान्यता मिळालेल्यांची एकूण संख्या पुढे दोन हजारांवर गेली.

१९६७च्या सप्टेंबरमध्ये इसोझुच्या ९ रुग्णांनी ६ कंपन्यांवर दावा लावला. माझ्या दृष्टीने या बंदरातली सर्वांत मोठी गोष्ट ती आहे. कंपन्यांचा बचाव साधा आणि वरकरणी बळकट होता. या माणसाच्या फुफ्फुसातला वायू आमच्याच चिमणीतला, हे सिद्ध करा. हवेत मिसळलेल्या धुरावर कोणाचेही नाव लिहिलेले नसते. शिवाय दमा तंबाखूने होतो, वयाने होतो, जन्मजातही असतो. याला दोन उत्तरे मिळाली. मिए विद्यापीठाचे योशिदा कात्सुमी यांनी शहराच्या वेगवेगळ्या भागांतील आरोग्य विम्याच्या नोंदी गोळा केल्या आणि त्या त्या भागातल्या हवेतील गंधकाच्या प्रमाणाशी त्या ताडून पाहिल्या. जिथे गंधक जास्त तिथे दमा जास्त, आणि इसोझुत तो विशेष जास्त, हे आकड्यांनीच दाखवले. एका रुग्णाच्या शरीरात वायूची वाट शोधत बसण्याऐवजी न्यायालयाने लोकसंख्येच्या या अभ्यासाला पुरावा मानले.

दुसरे उत्तर नळ्यांनी दिले. २४ जुलै १९७२ रोजी त्सु जिल्हा न्यायालयाच्या योक्काइची शाखेने निकाल दिला, तो रुग्णांच्या बाजूने. एकमेकांजवळ, एकाच काळात उभे राहून एकत्र धूर सोडणारे कारखाने एकत्रितपणे जबाबदार आहेत, असे न्यायालयाने म्हटले. आणि ज्या कंपन्या नळ्यांनी कच्चा माल आणि वाफ एकमेकांना पुरवत होत्या, एकीने काम थांबवले तर दुसरीचेही थांबेल इतक्या बांधलेल्या होत्या, त्यांच्यातल्या एखादीचा स्वतःचा धूर कमी असला तरी तिला संपूर्ण हानीची जबाबदारी टाळता येणार नाही, असेही ठरवले. ज्या जोडणीचे मला वरून पाहताना कौतुक वाटले होते, तीच न्यायालयात दोषाची साखळी ठरली. कारखाना कुठे बांधावा याचा निर्णय घेताना शेजारच्या वस्तीवर काय परिणाम होईल हे तपासले नाही, हादेखील निष्काळजीपणाच मानला गेला. सुमारे ८ कोटी ८० लाख येनची भरपाई देण्याचा आदेश झाला आणि कंपन्यांनी अपील केले नाही. नऊपैकी दोघे निकालाच्या आधीच मरण पावले होते. उरलेल्यांपैकी एक, इसोझुचे मच्छीमार नोदा युकिकाझु, त्या दिवशी न्यायालयाबाहेर जमलेल्या समर्थकांना म्हणाले की आपण खटला जिंकला, पण प्रदूषण गेलेले नाही, तेव्हा आभार मी आज मानणार नाही, आकाश निळे होईल त्या दिवशी मानीन. जिंकल्याच्या क्षणी इतके सावध राहणे सोपे नसते.

निकालाच्या आधीचा उपाय चिमण्या उंच करण्याचा होता. उंच चिमणीमुळे इसोझुवरचा भार थोडा हलका झाला, पण धूर अधिक दूरच्या वस्त्यांवर पसरला. वायू तेवढाच राहिला, फक्त पत्ता बदलला. खरा फरक पडला तो १९७२ साली मिए प्रांताने प्रत्येक कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गंधकाच्या एकूण प्रमाणावरच मर्यादा घातली तेव्हा. मग इंधनातले गंधक आधीच काढून टाकणे, धूर धुऊन सोडणे, गंधक नसलेला द्रवरूप नैसर्गिक वायू आणणे हे सगळे परवडू लागले, कारण तसे न करणे परवडेनासे झाले. पुढच्या वर्षी देशभरासाठी प्रदूषणग्रस्तांच्या भरपाईचा कायदा मंजूर झाला. हे सर्व आज स्थानकाजवळच्या महापालिकेच्या संग्रहालयात मांडलेले आहे. २०१५ साली उघडलेल्या त्या दालनाच्या नावात ‘प्रदूषण’ हा शब्द शहराच्या नावाला जोडून ठेवण्यात आला आहे. रुग्ण, मच्छीमार, कंपन्यांचे कर्मचारी, डॉक्टर, अधिकारी या सर्वांच्या चित्रित साक्षी तिथे बसून ऐकता येतात. या आजाराला ‘योक्काइची दमा’ हेच नाव पडले म्हणून अनेक वर्षे दुखावलेल्या शहराने शेवटी ‘प्रदूषण’ हा शब्द आपल्या हाताने पाटीवर लिहिला, याला धैर्य लागते.

संध्याकाळी मी बंदरातल्या रात्रसफरीच्या बोटीवर होते. २०१० पासून चालणाऱ्या या सफरींना मोठी मागणी आहे. कावासाकी, मुरोरान, किताक्युशू आणि योक्काइची या शहरांनी कारखान्यांचे रात्रीचे दृश्य हेच पर्यटनाचे आकर्षण बनवले आहे. पांढरे, पिवळे, नारिंगी दिवे काळ्या पाण्यात लांबून जातात, वाफेवर प्रकाश पडतो, ज्योतीमुळे क्षणभर टाक्यांचे गोल पोट उजळते. हे सुंदर आहे आणि ते सुंदर आहे हे म्हणताना मला संकोच वाटत नाही. हे दिवे शोभेसाठी लावलेले नाहीत. रात्रपाळीच्या माणसाला झडप, जिना आणि कठडा दिसावा म्हणून ते आहेत. बोटीवरच्या निवेदिकेने कारखान्यांची नावे, उत्पादने, चिमण्यांची उंची सांगितली आणि प्रदूषणाचा इतिहासही थोडक्यात, आढेवेढे न घेता सांगितला. डेकवरची जोडपी फोटो काढण्यात दंग होती, तरी त्या वाक्यांना अनेकांनी मान वर करून निवेदिकेकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी शिओहामा स्थानकावर उतरून चालत नदीकडे गेले. पूल ओलांडला की इसोझु लागते. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन घरांच्या पागोळ्या एकमेकींना टेकतात, दारापुढे बोये आणि दोरांची वेटोळी, भिंतीला टेकलेल्या सायकली. धक्क्यावर लहान बोटी बांधलेल्या होत्या. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला इथे रस्ता विचारावा लागणार नाही. जाळे साफ करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना मी वाकून नमस्कार केला आणि मोडक्या जपानीत मासळीविषयी विचारले. ते म्हणाले, मासे कमी झाले आहेत, पण वास नाही. मग नदीपलीकडे बोट करून त्यांनी सांगितले की आता इथून डोंगरही दिसतात. पलीकडे टाक्या होत्या, चिमण्या होत्या आणि खरोखरच त्यांच्या मागे सुझुकाचे बर्फ स्वच्छ दिसत होते.

तिथे उभे असताना माहुल आठवणे अपरिहार्य होते. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने माहुल आणि आंबापाडा येथील रहिवाशांच्या आरोग्याला तिथल्या हवेमुळे धोका असल्याचे मान्य केले, आणि तरीही त्यानंतर तानसा जलवाहिनीच्या कडेने हटवलेल्या हजारो कुटुंबांना त्याच माहुलमधल्या इमारतींत पाठवण्यात आले. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले. योक्काइचीच्या निकालातला प्रश्न, म्हणजे या हवेत माणसे राहतील का हे ठरवण्याआधी कोणी तपासले होते का, माहुलच्या बाबतीतही जसाच्या तसा विचारता येतो. तो अजून पुरेशा मोठ्याने विचारला गेलेला नाही, असे माझे मत आहे. इसोझुकडे एक शिस्तीने ठेवलेली नोंदवही होती, विम्याच्या बिलांची. कोण, कुठे, कधी आजारी पडले, याची ओळ न ओळ. आपल्याकडे वस्तीवस्तीतल्या आजारांच्या अशा सलग नोंदी ठेवण्याचे काम आजही प्रामुख्याने कार्यकर्त्यांच्या आणि काही डॉक्टरांच्या जिद्दीवर चालते.

आणि योक्काइचीचे प्रकरणही संपलेले नाही. १९८८च्या मार्चमध्ये जपान सरकारने हवा सुधारल्याचे कारण देऊन प्रदूषणग्रस्त म्हणून नव्या रुग्णांना मान्यता देणे देशभर बंद केले. आधी मान्यता मिळालेल्यांना मदत चालू राहिली. त्यांच्यापैकी काही जण लहानपणी मास्क लावून शाळेत गेलेली मुले आहेत, आता साठी-सत्तरीची, आणि दर महिन्याला औषध घेण्यासाठी दवाखान्यात जातात.